नेतृत्व आणि व्यवस्थापन : एका द्वैताची चिकित्सा

प्रस्तावना

वाणिज्य आणि व्यवस्थापनशास्त्राच्या मराठी पाठ्यपुस्तकांत नेतृत्वावरील प्रकरणामध्ये दोन रकान्यांचा एक तक्ता हमखास आढळतो. डाव्या रकान्यात नेता आणि उजव्या रकान्यात व्यवस्थापक. नेत्याजवळ दूरदृष्टी असते, व्यवस्थापकाजवळ अंदाजपत्रक असते. नेता प्रेरणा देतो, व्यवस्थापक नियंत्रण ठेवतो. नेता बदल घडवितो, व्यवस्थापक घडी टिकवितो. विद्यार्थी हा तक्ता पाठ करतात, परीक्षेत 'फरक स्पष्ट करा' या प्रश्नाखाली तो उतरवितात आणि पुढे त्यांतील काही जण एखाद्या संस्थेच्या कारभारात शिरतात तेव्हा तोच तक्ता मनात घेऊन शिरतात. अध्यापनाच्या सोयीसाठी केलेली विभागणी कालांतराने वस्तुस्थितीचे वर्णन मानली जाते आणि त्याही पुढे जाऊन माणसांची प्रतवारी ठरू लागते, हे या तक्त्याबाबत विशेषत्वाने घडलेले आहे. ही विभागणी कोठून आली, कोणत्या परिस्थितीत ती सुचली आणि येथील संस्थाजीवनाच्या अनुभवावर ती कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

द्वैताचा उगम

व्यवस्थापनशास्त्राच्या आरंभीच्या अभ्यासकांना हे द्वैत ठाऊक नव्हते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. आंरी फेयोल यांनी १९१६ मध्ये प्रशासनाची जी कार्ये सांगितली त्यांत नियोजनाच्या शेजारीच आज्ञापन होते आणि दोन्ही एकाच व्यक्तीकडून अपेक्षित होती. चेस्टर बर्नार्ड यांनी १९३८ च्या ग्रंथात कार्यकारी अधिकाऱ्याचे काम सांगताना संघटनेतील दळणवळण राखणे आणि तिच्या हेतूवरील लोकांची श्रद्धा टिकविणे या गोष्टी एकाच पदाच्या कर्तव्यांत मोडल्या. फिलिप सेल्झनिक यांच्या १९५७ च्या विवेचनात नित्याचे निर्णय आणि संस्थेचे चारित्र्य ठरविणारे निर्णय यांत भेद आहे, परंतु तो निर्णयांचा भेद आहे. माणसांच्या जातकुळीचा नव्हे.

माणसांचाच भेद मांडला तो अब्राहम झालेझनिक यांनी. 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' मधील त्यांचा १९७७ चा लेख या विषयातील मूळ लेख मानला जातो. झालेझनिक यांची बैठक मनोविश्लेषणाची होती. विल्यम जेम्स यांनी धर्मानुभवाच्या संदर्भात केलेला 'एकदा जन्मलेले' आणि 'दोनदा जन्मलेले' हा स्वभावभेद त्यांनी कारखान्यात आणि कचेरीत आणला. जगाशी सहज जुळलेला तो व्यवस्थापक. जगापासून तुटलेपणाचा अनुभव घेऊन स्वतःला नव्याने घडविणारा तो नेता. 'द्विज' या शब्दाचा सामाजिक इतिहास ज्या समाजाला ठाऊक आहे तेथील वाचकाला या रूपकापाशी क्षणभर थबकावेसे वाटले पाहिजे. आश्चर्य असे की मराठी पाठ्यपुस्तकांनी तक्ता घेतला, परंतु हे रूपक वगळले. त्यामुळे त्यात दडलेली प्रतवारी कोणाच्या ध्यानात आली नाही.

१९८५ मध्ये वॉरन बेनिस आणि बर्ट नॅनस यांच्या पुस्तकाने या भेदाला सुभाषिताचे रूप दिले. ते सुभाषित इंग्रजीतील एकाच शब्दाच्या दोन जागांवर उभे आहे. 'योग्य' हा शब्द एकदा कृतीच्या रीतीला आणि एकदा खुद्द कृतीला लावून केलेली ती कोटी आहे. कोटी स्मरणात राहते म्हणून ती सिद्धान्त ठरत नाही. जॉन कॉटर यांची १९९० मधील मांडणी तुलनेने संयत आहे. व्यवस्थापन गुंतागुंतीला तोंड देते आणि नेतृत्व बदलाला, असे ते म्हणतात. दोहोंची गरज आहे, हेही आवर्जून सांगतात. तथापि अमेरिकी कंपन्यांत व्यवस्थापन उदंड आणि नेतृत्व तोकडे, हा त्यांचा शेरा तेवढा सर्वतोमुखी झाला आणि 'दोहोंची गरज' हा अर्धा भाग मागे पडला.

हा शेरा कोणत्या काळात मारला गेला ते पाहणे अगत्याचे आहे. १९७० नंतरच्या दशकात जपानी मोटारी आणि विद्युत उपकरणे यांच्यापुढे अमेरिकी उद्योग मागे पडू लागले होते. १९८० मध्ये हेज आणि ॲबरनथी या दोन प्राध्यापकांनी या घसरणीचा दोष अमेरिकी व्यवस्थापनपद्धतीवरच ठेवला. 'व्यवस्थापक' हा शब्द आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तो असा. परंतु ज्या जपानी यशामुळे हा खटला उभा राहिला ते यश कशाचे होते? डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानी अभियंत्यांना जी व्याख्याने दिली त्यांचा विषय संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रण हा होता. यंत्रामागून यंत्र, पाळीमागून पाळी चाललेले ते चिवट व्यवस्थापन होते. अमेरिकेने आपल्या पराभवातून जो धडा काढला तो तिच्या प्रतिस्पर्ध्याच्या विजयाशी जुळत नव्हता. भारतीय पाठ्यपुस्तकांनी मात्र खटल्याचे कागद न पाहता निकाल तेवढा आयात केला.

विरोधी पुरावाही त्याच देशात उपलब्ध होता. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मुख्याधिकाऱ्यांचे प्रत्येकी एक आठवडा निरीक्षण करून १९७३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांत व्यवस्थापकाच्या दहा भूमिका आहेत आणि 'नेता' ही त्यांतील एक आहे. त्या अधिकाऱ्यांची निम्मी कामे प्रत्येकी नऊ मिनिटांच्या आत आटोपणारी होती. हे निरीक्षण नमुन्याच्या दृष्टीने लहान आहे, हे मान्य करूनही एवढे म्हणता येईल की, ज्याने प्रत्यक्ष शेजारी बसून पाहिले त्याला दोन जातींची माणसे दिसली नाहीत.

कारभार

शब्दांचा विचार केला तर मराठीची साक्ष उद्बोधक आहे. 'व्यवस्थापन' हा घडविलेला पारिभाषिक शब्द आहे. 'नेतृत्व' हा संस्कृतातून आलेला, सभा-संमेलनांतून रुळलेला. बोलण्यातला जुना शब्द 'कारभार'. कारभारी म्हणजे ज्याने दिशाही पाहायची आणि दाणागोटाही पाहायचा. उलट जो केवळ पुढे असतो त्या 'पुढारी' या शब्दाला मराठी माणसाने केव्हाच उपहासाची धार लावलेली आहे. पेशवाईच्या उत्तरार्धात मराठी राज्याची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या नाना फडणविसांचे आडनाव हे मुळात हिशेबाच्या दप्तराचे पद आहे, ही गोष्ट दोन रकान्यांच्या तक्त्यात कोठेच बसत नाही.

आणखी एक गंमत नोंदविण्यासारखी आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत 'मॅनेजमेंट' हा शब्द ज्यांना उद्देशून वापरला जातो ते संस्थाचालक तक्त्यानुसार नेते असायला हवेत. आणि कार्यशाळांमधून ज्यांना 'शैक्षणिक नेतृत्व' म्हणून संबोधले जाते ते प्राचार्य दिवसभर उपयोगिता प्रमाणपत्रांवर सह्या करीत असतात.

चिपळूणच्या छावणीचे पत्र

शिवाजी महाराजांना व्यवस्थापनाचे आदर्श ठरविणारे लेखन गेल्या काही दशकांत विपुल झाले आहे. त्यातील बहुतेक लेखन प्रतापगड, आग्रा, सुरत या प्रसंगांभोवती फिरते. म्हणजे धाडस, योजकता आणि करिश्मा. वस्तुतः या विषयाच्या अभ्यासकाने जे साधन प्रथम वाचायला हवे ते राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले, चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना लिहिलेले पत्र होय.

पत्राचा विषय अगदी साधा आहे. पावसाळ्यासाठी घोड्यांची फौज छावणीला आहे. दाणा आणि गवत यांचा साठा ठरावीक आहे. तो आताच हवा तसा उधळला तर ऐन पावसाळ्यात मिळणार नाही आणि घोडी मरतील. मग शिपाई काय करतील? कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकरी, कोणी गवत, कोणी लाकूडफाटा, कोणी भाजीपाला. असे झाले म्हणजे जीव मुठीत धरून राहिलेले कुणबी गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि मुलखात मोगल आले त्यापेक्षाही तुम्ही वाईट असे त्यांना वाटेल. म्हणून जे लागेल ते बाजारात रोख देऊन घ्यावे. यानंतर पत्र आगीकडे वळते. गवताच्या गंजीजवळ कोणी आगट्या करील, कोणी चिलीम ओढील. रात्री दिवा तसाच जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि तेवढ्याने सारी पागा आणि गवत जळून जाईल. तेव्हा दिवे विझवून निजावे.

उंदराने नेलेल्या वातीचा विचार करणाऱ्या या राज्यकर्त्याला कोणत्या रकान्यात घालायचे? या पत्रात साठ्याचा हिशेब आणि राज्याची नीती यांची वाक्ये एकमेकांपासून सोडवून घेता येत नाहीत. कुणब्याच्या भाजीला हात लागू नये हे नैतिक तत्त्व आहे खरे. पण ते पाळले जाण्याची एकमेव हमी म्हणजे गवताचा साठा पावसाळा संपेपर्यंत पुरणे. साठा संपला की तत्त्व आपोआप मोडते. 'मूल्ये नेत्याची आणि साठा व्यवस्थापकाचा' असे म्हणणाऱ्या सिद्धान्ताला हे पत्र आरपार खोडून काढते. शिवाय ते कोणत्याही सेनापतीला लिहिलेले नाही. कारकुनाला ते लिहिलेले आहे आणि राज्याची बदनामी कशाने होईल हे त्या कारकुनाला सविस्तर समजावून सांगितलेले आहे. ज्याला आजच्या भाषेत 'दृष्टी सामायिक करणे' म्हणतात ते येथे कोठीच्या यादीबरोबरच घडलेले दिसते.

आणंदचा अनुभव

द्वैताचे समर्थक यावर असे म्हणू शकतील की, एकाच असामान्य व्यक्तीत दोन गुण एकवटणे हा अपवाद होय. सामान्यतः ते दोन माणसांत विभागलेले आढळतात. या आक्षेपाचा विचार करण्यासाठी आणंदचे उदाहरण सर्वांत उपयुक्त आहे, कारण तेथे खरोखरच दोन माणसे होती.

१९४६ मध्ये खेडा जिल्ह्यातील दूध उत्पादकांनी मुंबईला दूध पुरविणाऱ्या मक्तेदार व्यवस्थेविरुद्ध दुधाचा संप केला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात जिल्हा सहकारी दूध संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल हे संघाचे पहिले अध्यक्ष. १९४९ मध्ये वर्गीस कुरियन हे तरुण अभियंते सरकारी नोकरीनिमित्त आणंदला आले आणि पुढे संघाचे पगारी व्यवस्थापक झाले. तक्त्यानुसार निवाडा सोपा आहे : त्रिभुवनदास नेते, कुरियन व्यवस्थापक. परंतु पाठ्यपुस्तकांतील नेतृत्वाच्या प्रकरणात उदाहरण म्हणून कोणाचे नाव येते? कुरियन यांचे. त्रिभुवनदासांचा उल्लेख असलाच तर एका वाक्यात. म्हणजे तक्ता कसोटी म्हणून वापरला जात नाही. ज्याची कीर्ती झाली त्याला मागाहून डाव्या रकान्यात हलविले जाते. ज्या वर्गीकरणाला निकाल आधी ठाऊक असावा लागतो ते वर्गीकरण अभ्यासाच्या उपयोगाचे नाही.

आणंदमधील खरी विभागणी निराळी होती. एक अधिकार निवडून आलेला होता आणि दुसरा नेमलेला. निवडून आलेल्याने शेतकऱ्यांना जाब द्यायचा, नेमलेल्याने त्याला. गावोगाव फिरून संस्था बांधणारे, भांडणे मिटविणारे अध्यक्ष दुग्धशाळेच्या तांत्रिक निर्णयांत ढवळाढवळ करीत नव्हते. म्हशीच्या दुधाची भुकटी करता येते हे हरिचंद मेघा दलाया यांनी दाखवून दिले, तेव्हा त्यामागे संघाचे पाठबळ होते. ही विभागणी उत्तरदायित्वाची आहे, गुणधर्मांची नव्हे. कुरियन दृष्टिहीन नव्हते आणि त्रिभुवनदास अव्यवहारी नव्हते.

या सर्वांच्या तळाशी काय होते ते गावच्या संकलन केंद्रावर पाहावे लागते. दिवसातून दोनदा दूध घेतले जाई, उत्पादकाच्या देखत मोजले जाई, स्निग्धांशाचा नमुना घेतला जाई आणि सकाळच्या दुधाचे पैसे संध्याकाळी हाती पडत. ज्या बाईने म्हैस सांभाळली तिचा विश्वास व्याख्यानाने नव्हे तर मापाने मिळविला. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा आरंभही याच वळणाचा आहे. १९५० मध्ये सुरू झालेल्या प्रवरेच्या कारखान्यासाठी विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमविले आणि अध्यक्षपदी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ बसले. यांतील नेता कोण आणि व्यवस्थापक कोण, हा प्रश्न तेथील शेतकऱ्याला कधी पडला असेल असे वाटत नाही. पुढील काळात मात्र याच क्षेत्राने 'काटामारी' हा शब्द मराठीला दिला. कारखान्याच्या व्यासपीठावर विकासाची भाषा कितीही उंच गेली तरी वजनकाट्यावर उसाची गाडी हलकी भरली की सभासदाच्या दृष्टीने तेथे नेतृत्वही संपलेले असते.

रयतेचा वटवृक्ष

कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याविषयी लिहिताना मराठी लेखणी स्वाभाविकपणे भक्तीकडे झुकते. त्यांच्या त्यागाची कथा सर्वांना ठाऊक आहे; वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रासह, दिले हीही. ही कथा नेतृत्वाच्या रकान्यात बसविली जाते. तथापि तिच्यात कोठीघराची बाजूही आहे. दागिने द्यावे लागले कारण धान्य संपले होते, आणि धान्य संपल्याचे ज्यांना प्रथम कळले त्या लक्ष्मीबाई होत्या, कारण रोजच्या जेवणाची काळजी त्यांच्या माथी होती. इतक्या मुलांना, तेही निरनिराळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवून दोन वेळ जेवू घालणे हे कोणत्याही व्याख्येने व्यवस्थापन आहे. तक्त्याच्या दोन्ही रकान्यांनी या कामाची दखल घेतलेली नाही. डाव्या रकान्यात त्यांचा त्याग आहे, त्यांचे काम नाही.

भाऊरावांनी शिक्षणकार्यात पूर्णपणे उतरण्यापूर्वी विक्रेता म्हणून ओगले काच कारखान्याची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची खेड्यापाड्यांत विक्री केली होती, हा तपशील चरित्रांत येतो आणि ओलांडला जातो. शेतकऱ्याला रोख पैसे देऊन नांगर घ्यायला लावणे हे ज्याला जमले त्याला गावाकडून शाळेसाठी जागा आणि धान्य मिळविणे का जमले, याचा उलगडा तेथे होतो. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था भाऊरावांच्या १९५९ मधील निधनानंतरही वाढत राहिली. करिश्म्यावर उभ्या राहिलेल्या संस्था संस्थापकाबरोबर कोमेजतात, असे समाजशास्त्र सांगते; ही कोमेजली नाही. आजीव सेवकांची रचना, 'कमवा आणि शिका' योजनेतील श्रमाची शिस्त आणि शिक्षकांच्या एका शाखेतून दुसऱ्या शाखेत होणाऱ्या बदल्या, या तिन्ही गोष्टी यासंदर्भात तपासण्याजोग्या आहेत. बदलीचा आदेश हातात पडलेल्या शिक्षकाला त्यात थोर असे काही दिसत नाही हे खरे. परंतु कोणतीही शाखा कोणा एकाची जहागीर होऊ नये, हे तत्त्व त्या रूक्ष आदेशातच टिकून राहते.

महाविद्यालयाच्या कार्यालयात

हा सर्व विचार केवळ सैद्धान्तिक वाटण्याचा संभव आहे. परंतु तक्त्याचे परिणाम महाविद्यालयांच्या दैनंदिन जीवनात प्रत्यक्ष दिसतात. राष्ट्रीय मूल्यांकन आणि अधिस्वीकृती परिषदेच्या निकषांमधील सहाव्या निकषाच्या नावाचा इतिहासच बोलका आहे. आरंभी तो 'संघटन आणि व्यवस्थापन' असा होता. २००७ च्या सुधारणेत 'प्रशासन आणि नेतृत्व' असा झाला, म्हणजे व्यवस्थापन गळले. पुढे 'प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापन' असे तिन्ही शब्द एकत्र आले. राज्याच्या कायद्यातही असेच घडले. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यातील 'स्थानिक व्यवस्थापन समिती' २०१६ च्या कायद्यात 'महाविद्यालय विकास समिती' झाली. संस्थेचे अध्यक्ष किंवा त्यांचे प्रतिनिधी तिचे प्रमुख आणि प्राचार्य सदस्य-सचिव. 'व्यवस्थापन' हा शब्द समित्यांच्या नावातून जातो आणि 'विकास' येतो, तेव्हा बदललेली गोष्ट काम असते की केवळ कामाची प्रतिष्ठा, हे विचारणे प्राध्यापकवर्गाचे कर्तव्य ठरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बिंदुनामावलीचे आहे. संस्थेचे ध्येयवाक्य प्रवेशद्वाराशी संगमरवरावर कोरलेले असते आणि त्यात सामाजिक न्यायाचा उल्लेख बहुधा असतो. स्थापनादिनी त्यावर भाषण होते. हे नेतृत्व. बिंदुनामावली ही आस्थापना विभागातील नोंदवही. कोणते पद कोणत्या प्रवर्गाचे, कोण कधी निवृत्त झाले, अनुशेष किती, याची ती नोंद असते. ती अद्ययावत करून मागासवर्ग कक्षाकडून तपासून घेतल्यावाचून पदांची जाहिरात निघू शकत नाही. हे व्यवस्थापन, म्हणून ते कनिष्ठ लिपिकाकडे. नोंदवही अपुरी राहते, त्रुटी निघतात, ती परत येते, पुन्हा जाते. मध्यंतरी शैक्षणिक वर्ष उलटते आणि राखीव पदावर हक्क असलेला पात्रताधारक उमेदवार तासिका तत्त्वावर त्याच विभागात शिकवीत राहतो. शासनाची पदभरतीवरील बंधने हे याचे मोठे कारण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण मान्यता येते तेव्हाही ज्या महाविद्यालयांची नोंदवही तयार नसते, त्यांच्या ध्येयवाक्याचे काय करायचे?

अशा प्रसंगी तक्ता फार सोयीचा ठरतो. संस्थाचालक म्हणतात, धोरण आमचे, अंमलबजावणी प्राचार्यांची. प्राचार्य म्हणतात, मार्गदर्शन माझे, कागदपत्रे कार्यालयाची. अधीक्षक लिपिकाकडे पाहतो आणि लिपिकाकडे आणखी दोन टेबलांचे काम असते, कारण शेजारचे पद रिक्त आहे. प्रत्येकाने आपापल्या रकान्यातील कर्तव्य पार पाडलेले असते. छावणीच्या पत्रातील कारकुनाला गवताचा हिशेब आणि रयतेचा विश्वास यांचा संबंध राजाने स्वतः लिहून कळविला होता. बिंदुनामावली सांभाळणाऱ्या लिपिकाला प्रवेशद्वारावरील ध्येयवाक्याचा त्या नोंदवहीशी असलेला संबंध कोणी सांगितलेला असतो काय, आणि विकास समितीच्या वर्षभरातील बैठकांत ती नोंदवही एकदा तरी टेबलावर उघडली जाते काय, हे त्या समितीच्या इतिवृत्तावरून कोणत्याही महाविद्यालयाला अर्ध्या तासात तपासता येईल.